पर्मनंट जागा, पंचेचाळीस लाख आणि एका ख्रिस्ती घराचा नकार

मिरजेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे मागच्या वर्षी प्राध्यापकाची पर्मनंट जागा चालून आली. पैसे भरायचे, ऑर्डर घ्यायची. घरातल्या मोठ्या मुलाने नाही म्हटलं. तो नकार कसा घडला, त्याआधी घरात काय वाद झाले आणि नंतर घराला काय सोसावं लागलं, ते इथे मांडतोय. मी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक) म्हणून सेवा करतो. बापलेकांनी दोघांनीही मला बोलावलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू मी ऐकल्या आहेत. घरच्यांच्या संमतीने लिहितोय. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मुलाला घरात दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विश्वासासाठी केलेल्या निवडीचं कौतुक एकाचं होतं, पण तिची किंमत सगळं घर मोजतं. मंडळी त्या किमतीतला आपला वाटा उचलणार नसेल, तर उपदेशपीठावरून "जगाच्या मागे धावू नका" असं तरुणांना सांगण्याचा अधिकार तिला उरत नाही.

घर

दादाचे आजोबा जत तालुक्यातून मिरजेला आले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आधाराने जी अनेक कुटुंबं उभी राहिली, त्यांतलं हे एक. आजोबा वॉर्डात कामाला होते, वडील पुढे प्रयोगशाळेत लागले, आई नर्स. दोघंही आता निवृत्त आहेत. एक धाकटी बहीण आहे, बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घर साधं, पण पुस्तकांचं. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना अजून चालू आहे, आणि टीव्ही बंद करून चालू आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

या घराने विश्वासाची किंमत एकदा आधीच मोजलेली आहे. आजोबांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म "ख्रिश्चन" असाच लावला. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू धर्माबाहेर गेलेल्यांना अनुसूचित जातीचे लाभ नाहीत असं कलम आहे. शिखांसाठी ते १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये सैल झालं, ख्रिस्ती लोकांसाठी आजवर नाही. महाराष्ट्रात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात धरतात. जातीमुळे गावात जे भोगलं ते धर्म बदलल्याने पुसलं जात नाही, त्यामुळे हा नियम मला अन्यायाचा वाटतो. तो मुद्दा वेगळा. इथे सांगायचं ते एवढंच, की आजोबांच्याच नात्यातल्या काही घरांनी कागदावर जुनाच धर्म ठेवला, त्यांची मुलं सरकारी नोकरीत लागली, आणि ती घरं आज दुमजली आहेत. नाताळच्या जेवणाला सगळे एकत्र बसतात तेव्हा हा फरक कोणी बोलून दाखवत नाही, पण दिसतो सगळ्यांना. दादाचे वडील त्या फरकाकडे बघतच मोठे झाले. पुढचा सगळा वाद समजून घ्यायचा तर हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

जागा

दादा रसायनशास्त्रात एम.एस्सी., सेट (प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तो सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत होता. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, सुट्टीचे नाहीत. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, मे महिन्यात हात रिकामे. पगार महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. बिल मंजूर झालं की तीन-चार महिन्यांचे एकदम. दादाचा हिशोब केला तर महिन्याला पंधरा-सोळा हजारांच्या वर जात नव्हता. शेजारच्या टेबलावर बसून तोच विषय शिकवणाऱ्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून सुरू होतं. महागाई भत्ता, घरभाडं वर.

आपल्याकडे "पर्मनंट" या एका शब्दावर लग्नं जमतात आणि मोडतात. सांगली-साताऱ्याकडचा कुठलाही बाप हेच म्हणेल, मग तो मराठा असो, जैन असो, मुसलमान असो की ख्रिस्ती. दादाला सोलापूरकडचं एक स्थळ आलं होतं, चांगलं ख्रिस्ती घर, मुलगी शिकलेली. त्यांचा पहिला प्रश्न मुलगा पर्मनंट आहे का, हा होता. तो उपासनेला जातो का, हे दुसऱ्या भेटीत निघालं.

अशात त्या महाविद्यालयात त्याच्या विषयाची एक जागा भरायची ठरली. जाहिरात यायच्या आधीच मधला माणूस आला. मिरज स्टेशनजवळच्या एका हॉटेलात त्याने बापलेकांना चहाला बोलावलं आणि मोबाइल टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. आकडा त्याने तोंडाने उच्चारला नाही, बिलाच्या मागच्या बाजूला लिहिला: ४५. अर्धे आधी, अर्धे ऑर्डर हातात पडल्यावर. निवड समिती, विद्यापीठाचा प्रतिनिधी, मुलाखत हे सगळं रीतसर होईल, तुम्ही काळजी करू नका, असं त्याने समजावून सांगितलं. मग तो कागद चार तुकडे करून खिशात टाकला. दादा मला म्हणाला, "काका, तो वाईट माणूस वाटत नव्हता. माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली त्याने."

वडिलांनी त्याच रात्री हिशोब मांडला. साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलेल्या मुदतठेवींच्या पावत्या, ग्रॅच्युइटीतून उरलेले पैसे, कुपवाडच्या बाजूला घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट, आईचे दागिने, उरलेलं पतसंस्थेचं कर्ज. पाच वर्षांत पैसे वसूल, पुढची पंचवीस वर्षं निवांत. गणित बिनचूक होतं. मग त्यांनी कुटुंबाला प्रार्थनेला बसवलं आणि दार उघडल्याबद्दल प्रभूचे आभार मानायला सुरुवात केली.

दादाने प्रार्थना मध्येच थांबवली. "बाबा, या दारासाठी आभार मानू नका."

त्या घरात प्रार्थनेत कोणी कोणाला थांबवलं असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

वाद

पुढचे दीड-दोन महिने हाच विषय होता. साताऱ्याहून मामा आले. मामा शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारे आहेत आणि त्यांनी शास्त्रातूनच बाजू मांडली. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात म्हटलंय की माणसाची देणगी त्याला वाट करून देते आणि मोठ्या लोकांपुढे नेते. निर्गमाच्या पुस्तकात लाच घ्यायला मनाई आहे. आपण घेत नाही, देतोय. तेही राजीखुशीने नाही, आपल्याकडून काढून घेतायत. दरोडेखोराला पैसे देणारा पापी होतो का?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मंडळ्यांमधली कितीतरी प्रामाणिक माणसं मनात हेच धरून जगतात. दाखला काढायला, नळजोडणीला, बदलीला पैसे सोडलेले असतात आणि रविवारी प्रभुभोजन घेताना ते आठवतही नाहीत. जिथे आपला हक्काचा कागद अडवून ठेवलाय तिथे पैसे देणारा नाडलेला असतो, हे मलाही मान्य आहे. पण ही जागा दादाच्या हक्काची अडवलेली नव्हती. ती अजून कोणाचीच नव्हती, आणि पैसे होते ते दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून.

कायद्यानेही आता तो आडोसा काढून घेतलाय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तरच सूट. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारी या कायद्याच्या व्याख्येत लोकसेवक ठरतात. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पकडलंय कोणाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दादाने शास्त्राला शास्त्राने उत्तर दिलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय चोवीस. ख्रिस्ताचा प्रेषित पौल कैसरियात कैदेत आहे. सुभेदार फेलिक्स त्याला वरचेवर बोलावतो, विश्वासाबद्दल ऐकतो, आणि मनात आशा अशी की हा आपल्याला पैसे देईल. पौलाने नुकतंच त्याच्यासमोर सांगितलेलं असतं की मी माझ्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. म्हणजे याच्यामागे पैसेवाले लोक आहेत हे फेलिक्सला कळलेलं आहे. पौल देत नाही. दोन वर्षं तशीच जातात, फेलिक्सच्या जागी दुसरा सुभेदार येतो आणि पौल कैदेतच राहतो. दादा म्हणाला, सुटून जगभर सुवार्ता सांगण्याचं एवढं मोठं कारण पौलाकडे होतं, तरी त्याने पैसे देऊन दार उघडलं नाही. माझं कारण तर पगाराचं आहे.

मामा लगेच म्हणाले, "पौलाला बायकापोरं नव्हती, आणि म्हातारे आईबाप त्याच्यावर अवलंबून नव्हते."

इथे वाद खरा सुरू झाला असं मी मानतो. वचनं दोन्हीकडे होती. प्रश्न होता तो, ज्याच्या निर्णयावर चार जणांचं पोट आणि इभ्रत अवलंबून आहे, त्याने एकट्याच्या विवेकावर निर्णय घ्यावा का? वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याच्या विश्वासाची किंमत माझ्या म्हातारपणातून जाणार. मला विचारलं का त्याने?" वडिलांना लोभी म्हणणं फार सोपं आहे आणि सपशेल चूक आहे. त्यांनी आयुष्यभर रुग्णांचे रक्ताचे नमुने तपासले, एक पैसा वेडावाकडा घेतला नाही. स्वतःच्या बापाच्या प्रामाणिकपणाची किंमत त्यांनी पोरवयात मोजली होती. आता मुलासाठी एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसारखं वागायचं होतं.

दादाने शेवटी ज्यावर निर्णय घेतला ती गोष्ट मात्र वचनांच्या देवाणघेवाणीत आलीच नव्हती. त्याच विभागात जत भागातली एक बाई सीएचबीवर होती. त्याच्या आधीपासून शिकवणारी, नवरा शेतकरी, पीएच.डी. झालेली. गुणवत्तेने बघितलं तर जागा तिची. तिच्याकडे मधला माणूस गेलाच नाही, कारण तिच्याकडे पैसे नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. दादा म्हणाला, "मी पैसे भरले तर पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये तिच्यासमोर बसायचंय मला. ती मला अभिनंदन म्हणेल. माझा शेजारी कोण हे मला शोधायला जायची गरज नाही, ती दोन खुर्च्या सोडून बसते." लाच हा संस्थाचालक आणि आपल्यातला व्यवहार आहे असं आपण समजतो. ज्याच्या ताटातलं उचललं जातं तो माणूस त्या हॉटेलातल्या टेबलाशी नसतो, म्हणून ती चोरी वाटत नाही. दादाने तिला मनातल्या मनात त्या टेबलाशी आणून बसवलं.

त्याने मधल्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. अर्ज मात्र केला, मुलाखतही दिली.

नंतर

जागा दादाला मिळाली नाही. त्या बाईंनाही मिळाली नाही. बाहेरचा एक उमेदवार आला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या साक्षींमध्ये शेवट नेहमी गोड असतो: मी नाकारलं आणि देवाने त्याहून मोठं दिलं. तरुण पोरं त्या साक्षी ऐकतात, घरी जाऊन नाकारतात, आणि मोठं काही आलं नाही की आपल्याच विश्वासात खोट काढत बसतात.

पुढच्या वर्षी त्या महाविद्यालयाने दादाला सीएचबीवरही घेतलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही. सोलापूरच्या लोकांनी आपण होऊन स्थळ मागे घेतलं. वडिलांनी चार महिने अबोला धरला. प्रार्थनेला बसायचे, पण मुलाचं नाव घ्यायचे नाहीत. आई दोघांच्या मध्ये निरोप्या झाली, आणि या सगळ्यात सर्वांत जास्त झिजली ती तीच. बहिणीला हॉस्टेलवर बातमी कळत होती, ती फोनवर भावालाच धीर द्यायची.

साताऱ्याला या गोष्टीचं एक जुनं उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला हे सगळ्यांना माहीत असतं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" उभारला, हे कमी लोकांना आठवतं. दोन वर्षांनी ते गेले. टिळकांच्या देऊन टाकण्याच्या स्वभावाने घराची जी ओढाताण व्हायची ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवली आहे, म्हणून ती आपल्याला कळते. त्यागाच्या गोष्टी सांगताना आपण टिळकांचं नाव घेतो. मला वाटतं, वडीलमंडळाने अशा प्रकरणात आधी लक्ष्मीबाईंच्या जागी बसून बघावं. दादाच्या घरात त्या जागी त्याची आई होती.

लाचलुचपत विभागाकडे का गेला नाहीत, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. दादाने विचार केला होता. १०६४ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये आजही आहे. आकड्याचा कागद फाटलेला, फोन पालथे, साक्षीदार म्हणाल तर बाप. त्यात अख्ख्या परिसरातल्या संस्था एकमेकांना धरून. एकदा नाव झालं की कुठेच दारात उभं करणार नाहीत. वडिलांची भीती आणखी वेगळी होती, "आपण इनमिन दोन-अडीचशे घरं, आपल्या बाजूने कोण येणार?" मी दादाला तक्रार कर असा आग्रह केला नाही. त्याचा नकार तक्रारीविना अपुरा राहिला असं म्हणणाऱ्याचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, पण तक्रार करायची तर पाठीशी उभं राहणारं कोणीतरी लागतं, आणि तसं पाठबळ आम्ही त्याला त्या वेळी देऊ केलेलं नव्हतं.

पाठीशी उभं राहिलं कोण? शेजारचे निवृत्त गुरुजी. वारकरी, दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारे. ते वडिलांकडे येऊन बसायचे आणि दादाचा विषय टाळून इकडचं तिकडचं बोलायचे, एके दिवशी जाता जाता म्हणाले, "तुमच्या पोरानं केलं ते आमच्या पोराला जमलं नाही." वडिलांच्या अबोल्याला पहिली चीर गेली ती या वाक्याने. आमच्या एकाही प्रवचनाने गेली नव्हती. प्रामाणिकपणा ही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नाही हे त्यामुळे मला इथे लिहावंच लागतं. दादाचं कारण ख्रिस्त होता. गुरुजींचं कारण त्यांचं त्यांच्याकडे.

दादाला पुढे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी केमिस्टचं काम मिळालं. उसाच्या रसाचं ब्रिक्स बघायचं, पोल काढायचं, म्हणजे रसात साखर किती ते मोजायचं, तासातासाला नोंदी. गाळप चालू असेपर्यंत पाळ्या, त्यात रात्रपाळ्या आणि रविवार. म्हणजे विश्वासासाठी जागा सोडली आणि हंगामभर उपासनेला येणं बंद झालं. मंडळीतल्या एका बाईंनी मला विचारलं, "तो हल्ली दिसत नाही, गार पडला का?" त्या दिवशी मला फार राग आला होता, बाईंपेक्षा आम्हा सगळ्यांचा.

कारण आमच्याकडे आभाराची उपासना होते तेव्हा कोणाची नावं वाचली जातात? नोकरी लागली, बढती मिळाली, पुण्यात फ्लॅट झाला, मुलगा परदेशी गेला. नवी गाडी आली की पाळकसाहेब अंगणात जाऊन प्रार्थना करतात, हार घालतात. कशी लागली, किती देऊन लागली, हे कोणी विचारत नाही. टाळ्यांची यादी बाजाराची आणि प्रार्थना आपली, असं आमचं चाललंय. भोवतालच्या लोकांची स्वप्नं आपल्या मुलांच्या मनात बाहेरून शिरतात असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा की ती आमच्या आभाराच्या यादीतूनच जास्त शिरतात.

वडीलमंडळाच्या बैठकीत मी हे मांडलं. सगळ्यांना पटलं असं नाही. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, अशा नकारांचे आभार जाहीर मानायला लागलो तर ज्यांनी पैसे भरून नोकऱ्या घेतल्या ते उठून जातील, आणि मंडळीचा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तेच देतात. एवढं उघड बोलल्याबद्दल मी त्यांचा आदर करतो. तीन गोष्टी ठरल्या. चर्चच्या मागची खोली दादाला अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या वर्गासाठी हंगामाबाहेर बिनभाड्याने. मुलं कुठल्याही धर्माची असोत. रविवारी पाळी असणाऱ्यांसाठी गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनासह छोटी उपासना, तिला नर्सेस आणि एमआयडीसीतली पोरं पण यायला लागली आहेत. आणि बहिणीच्या शेवटच्या वर्षाच्या फीपैकी निम्मी मंडळीच्या शिक्षण निधीतून. वडिलांनी ती आधी घेतली नाही. महिला मंडळाच्या बायका आईकडे जाऊन देऊन आल्या.

आभाराच्या यादीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.

वडील आता बोलतात. प्लॉट विकलेला नाही, ठेवी आहेत तशाच आहेत, पण मुलाने बरोबर केलं असं ते आजही म्हणत नाहीत. त्यांच्या मते त्याने घाई केली, घासाघीस करून आकडा खाली आला असता. दादाला याचं वाईट वाटतं आणि तो वाद घालत नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयात त्याच्या विषयाची जागा निघणार अशी चर्चा आहे. दादा अर्ज करणार आहे, जतच्या बाईही करणार आहेत. मधल्या माणसाचा फोन आलाच तर या वेळी तो एकट्याने घ्यायचा नाही, असं ठरलंय: मी आणि तरुण संघाचे दोघं त्याच्यासोबत जाणार, बोलणं नोंदवून ठेवणार, आणि मिरजेतले एक वकील पुढची तक्रार विनामूल्य बघायला तयार आहेत. वडिलांना हे सांगितलंय. ते काही बोलले नाहीत, पण वकिलांचा नंबर त्यांनी आपल्या डायरीत लिहून घेतला.